आर्मिंदोचं गुलाबी लायसन्स

२४ ऑक्टोबर

वकील तेल्माबाई म्हणाल्या, "ओतिलियाबाई, आजपासून लिहून ठेवा. कोण आलं, काय बोललं, सगळं तारखेसकट. कंपनीची माणसं आज एक बोलतात आणि उद्या दुसरं." म्हणून लिहायला बसले. फ्रान्समध्ये असताना आईला पत्रं लिहायचे, त्यानंतर एवढं काही लिहिलेलं नाही.

तर पहिल्यापासून. सहा तारखेला, गुरुवारी सकाळी, माझा नवरा आर्मिंदो आणि समोरच्या घरातली झुल्मिरा आमच्या गाडीतून मिरांडेलाच्या दर गुरुवारच्या बाजाराला निघाले. मला सर्दी होती, मी गेले नाही. गावाखाली चॅपेलपाशी रस्ता डावीकडे वळतो. गाडी वळली नाही. सरळ गेली आणि खालच्या ऑलिव्हच्या बागेत पडली. आर्मिंदो जागच्या जागी गेला. झुल्मिराचं खुब्याचं हाड मोडलं, ती ब्रागांसाच्या हॉस्पिटलात आहे.

ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर नाही, असं पोलीस म्हणाले. डुलकी लागली असेल, असंही म्हणाले. सकाळी नऊ वाजता? रात्रभर तर माझ्या शेजारी घोरत होता.

आणि गेल्या आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं. चालकाकडे गाडी चालवण्याचं वैध लायसन्स नव्हतं, म्हणे. झुल्मिराला जे द्यायचं ते कंपनी देईल, तसा कायदाच आहे, पण पुढे ते सगळं आमच्याकडून वसूल करणार. आमच्याकडून म्हणजे माझ्याकडून. आणि माझ्याकडे या घराशिवाय दुसरं काय आहे?

हे घर आम्ही फ्रान्समधून सुट्टीवर यायचो तेव्हा बांधलं. एकेका ऑगस्टमध्ये एकेक भिंत. ते मी देणार नाही.

२६ ऑक्टोबर

तेल्माबाईंनी आज मला समजावून सांगितलं. दोन सरकारांच्या दोन यंत्रांत, म्हणजे कॉम्प्युटरांत, दोन आर्मिंदो आहेत.

इथल्या, पोर्तुगालच्या, यंत्रातला आर्मिंदो लष्करात असताना गाडी शिकला, ब्रागांसाला परीक्षा दिली. त्याने लायसन्सचं नूतनीकरण कधीच केलं नाही, म्हणून ते केव्हाच रद्द झालं. फ्रान्सच्या यंत्रातल्या आर्मिंदोने तेच लायसन्स क्लेर्मोंमध्ये जमा करून बदल्यात तिथलं गुलाबी घेतलं. त्या जुन्या गुलाबी लायसन्सला मुदत नसते, ते मरेपर्यंत चालतं. जमा केल्याचं फ्रान्सने इकडे कळवलं नाही, की इकडच्यांनी नोंदवलं नाही, देव जाणे.

"मग कंपनीने इथला आर्मिंदो का धरला?" मी विचारलं.

"कारण पॉलिसीच्या कागदावर इथला जुना नंबर आहे. कोणी भरला तो कागद?"

वालदेमारने. आमच्या गावात कॅफे त्याचाच आणि विम्याचा एजंटही तोच. संध्याकाळी मी गेले तर तो कप पुसत उभा होता, मान खाली.

"मावशी, आर्मिंदोकाका म्हणाले, गुलाबी घरी राहिलंय, तू जुनाच नंबर टाक. माझे वडील एजंट होते तेव्हाचा कागद कपाटात होता. मला वाटलं, नंबर तो नंबर. माणूस तर तोच आहे ना?"

"माणूस तोच होता," मी म्हटलं.

त्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी काउंटरवर ठेवून आले.

२ नोव्हेंबर

काल आणि आज मृतांचे दिवस, म्हणून दफनभूमीत. सगळ्या थडग्यांवर शेवंती. आर्मिंदोच्या थडग्यावर अजून दगड नाही, माती बसायला हवी. नातालीने क्लेर्मोंहून येताना पांढरी फुलं आणली. पोरीला इथली पिवळी चालत नाहीत.

तिचं तेच पालुपद. "आई, घर विक आणि माझ्याकडे चल. इथे तू एकटी काय करणार? पाववाल्याच्या गाडीची वाट बघणार?"

"बघेन."

"बाबाही तुझ्यासाठीच इथे राहिले. नाहीतर दोन वर्षांपूर्वीच आले असते."

मी म्हटलं, तुझे बाबा स्वतःसाठी राहिले, त्यांना तुमच्या फ्लॅटमध्ये जीव गुदमरायचा. पण तो विषय निघाला होता हे खरं. दोन वर्षांपूर्वी आर्मिंदोने मला जेवताना एकदम विचारलं होतं, "गाडी नसती तर राहिली असतीस का गं इथे?" मी म्हटलं होतं, "गाडी नसती तर औषधं आणायला काय गाढव पाळणार होतास? गाडी नसती तर पोरीकडे जाऊन मेले असते." तो उठून बराच वेळ अंगणात बसला.

निघताना नाताली म्हणाली, "ऑगस्टमध्ये पोर्तोच्या विमानतळावर बाबा माझ्या समोरून निघून गेले. मी हाक मारली तेव्हा वळले."

"तू केस कापले होतेस."

"केस कापले होते, तोंड नव्हतं कापलं!"

दोघी हसलो. मग ती रडली, आणि तिला टॅक्सीत बसवेपर्यंत मी रडले नाही.

५ नोव्हेंबर

वालदेमारने मला ब्रागांसाला नेलं. झुल्मिरा पलंगावर एवढीशी दिसत होती. माझा हात धरला, सोडेना.

आम्ही समोरासमोर राहतो. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लक्झेंबर्गला. ती कधी गाव सोडून गेली नाही; आम्ही परत आलो तेव्हा चूल कशी पेटवायची हे मला पुन्हा शिकवलं ते तिनेच. तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधी लिहून ठेवते.

मी विचारलं, "काय झालं गं त्या दिवशी?"

ती छताकडे बघत म्हणाली, "माझ्या मुलाचा फोन आला. मी घेतला. मी बोलायची थांबले, ओतिलिया."

"कोणाशी बोलायची?"

"आर्मिंदोशी. एक मिनिटभर. जास्त नाही. नातवाला दात आला म्हणून मुलगा सांगत होता. मला वाटलं, हा रस्ता त्याला पाठ आहे." आणि रडायलाच लागली. नर्सने येऊन मला बाहेर काढलं.

परत येताना गाडीत विचार करत होते. ती बोलायची थांबली, याचा गाडी पडण्याशी काय संबंध? फोनवर माणूस बोलत असेल तर चालवणारा काय वळण विसरतो? वालदेमारला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, धक्का बसलाय त्यांना. काहीही बोलतात."

१२ नोव्हेंबर

काल सेंट मार्टिनचा दिवस, वालदेमारच्या अंगणात चेस्टनट भाजले, नवीन वाइन उघडली. जाणार नव्हते, पण घरात बसून धुराचा वास घेण्यापेक्षा गेले.

म्हाताऱ्यांचा विषय एकच, लायसन्स. फ्रान्सहून आलेले सगळेच गुलाबीवाले. इथलं घ्यायचं तर या वयात दर दोन वर्षांनी डॉक्टरपुढे उभं राहा, अक्षरं वाचा, कान तपासा. म्हणून कोणी बदलत नाही. "गुलाबी आणि बायको, दोन्ही एकदाच घ्यायची," असं कोणीतरी म्हणालं, सगळे हसले, मग मी बसलेय हे बघून गप्प झाले.

मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. चेस्टनट सोलत बसलेल्या बायकांमधून आवाज आला, "गुरुवारचं जोडपं बिचारं." मी मान वर केली तर सगळ्या आपापल्या बोटांकडे बघत होत्या.

गुरुवारचं जोडपं.

१३ नोव्हेंबर

ही वही तेल्माबाईंना दाखवायची असेल तर हे पान फाडावं लागेल. पण लिहिते.

झुल्मिरा कायम पुढे बसायची. आम्ही तिघं निघालो तरी पुढे. मला पुढे बसलं की मळमळतं, मी मागे डोळे मिटून रोझरी म्हणते, हे खरं. पण मी नसतानाही ती असायचीच. गेली दोन वर्षं आर्मिंदो तिच्याशिवाय गाडी बाहेर काढत नव्हता. मी म्हणायचे, "फार्मसीपर्यंत तर जायचंय, तिला कशाला?" तर म्हणायचा, "तेवढाच तिला वारा."

आणि गाडीत तिच्या तोंडाला खळ नाही. "हा बघ झेकाचा ट्रॅक्टर येतोय, अगदी मधून चालवतो मेला." "अगंबाई, किती वेळ हा लाल दिवा! ... झाला बाई हिरवा." "पाटी बघ, मिरांडेला उजवीकडे." जशी काही नुकतीच वाचायला शिकलेली. मी मागून म्हणायचे, "झुल्मिरा, जरा दम घे." ती हसायची आणि चालू ठेवायची. आणि माझा नवरा, ज्याला माझं दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणं सहन व्हायचं नाही, तो कान देऊन ऐकायचा. प्रत्येक शब्द.

त्याच्या चेहऱ्यावर तसं लक्ष माझ्यासाठी मी कधी पाहिलं नाही.

आणि पोर्तो. दोन वर्षांपूर्वी झुल्मिराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, मोतीबिंदू असेल म्हणून. आर्मिंदो तिला घेऊन गेला, पहाटे गेले ते संध्याकाळी आले. तिच्या डोळ्याला ना पट्टी, ना कसले थेंब. आर्मिंदो आला तो सरळ झोपायला गेला, जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" ती म्हणाली, "काही नाही, वयाचं आहे म्हणाला." आणि माझ्याकडे बघेना.

मी तेव्हा काही जोडलं नाही. आता जोडते.

२१ नोव्हेंबर

पाऊस. काही नाही. पाववाला आला नाही.

३ डिसेंबर

फ्रान्सहून कागद आला! नाताली तिथल्या कार्यालयात स्वतः गेली, दोनदा. आर्मिंदोचं इथलं लायसन्स जमा होऊन गुलाबी दिलेलं आहे आणि त्याच्या नावावर एकही बंदी नाही, असं शिक्क्यानिशी लिहून दिलंय. तेल्माबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"इथे नोंदवलं नाही हा दंडाचा मामला, लायसन्सच नसण्याचा नाही. घर वाचेल असं वाटतंय."

मी खुर्चीत मागे टेकले. मग त्या म्हणाल्या, "आता कंपनीकडे एकच रस्ता आहे. त्यांना गाडी चालवू नका, असं कोणा डॉक्टरने सांगितलं होतं का? तसं निघालं तर या गुलाबीचा काही उपयोग नाही."

"कोणता डॉक्टर? आर्मिंदो डॉक्टरची पायरी चढला नाही कधी. पंच्याहत्तराव्या वर्षी ऑलिव्हच्या झाडावर चढायचा."

"नजर?"

"चष्मा होता. तोही घालायचा नाही. म्हणायचा, घातला काय न घातला काय, सारखंच."

तेल्माबाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्म्याचं कोणी विचारल्याशिवाय बोलू नका." वकील मंडळींना सगळ्यातच पाणी मुरतंय असं वाटतं.

१० डिसेंबर

ऑलिव्ह काढायला माणसं लावली. आमच्या झाडांखाली जाळी पसरली तेव्हा वालदेमार म्हणाला, "काकांनी गेल्या वर्षी छाटणी विचित्रच केलीय हो. चांगल्या फांद्या तोडल्यात, वाळक्या ठेवल्यात." मी त्याला म्हटलं, मेलेल्या माणसाच्या छाटणीत खोड काढू नकोस.

पण खरंच तशी आहे.

१४ डिसेंबर

कंपनीचा तपासनीस आला. तरुण, ओला कोट, बूट दाराबाहेर काढून ठेवले, म्हणून मला बरा वाटला. कॉफी दिली, सॉसेज भाजून दिलं. त्याने खाल्लं आणि मग वही काढली.

"आजोबांची तब्येत कशी होती, आजी?"

"बैलासारखी."

"कधी फिट, चक्कर?"

"कधीच नाही."

"कुठल्या डॉक्टरकडे जायचे?"

"जायचेच नाहीत म्हटलं ना. रुग्णालयाचं तोंड पाहिलं असेल तर तेही दुसऱ्यासाठी. समोरच्या झुल्मिराला पोर्तोला डोळे दाखवायला घेऊन गेले होते, तेवढंच."

त्याचं पेन थांबलं. "डोळे? कुठल्या दवाखान्यात?"

"ते मला काय माहीत? मी कुठे बरोबर होते. तिलाच विचारा."

त्याने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. खरं सांगायचं तर मी मुद्दाम बोलले. कोणीतरी तिला विचारावं असं वाटत होतं. मला विचारता येत नव्हतं.

१९ डिसेंबर

झुल्मिरा घरी आली, दोन कुबड्यांवर. लोकलाजेस्तव कोबीचं सूप घेऊन गेले. तिने दोन चमचे घेतले आणि विचारलं, "कंपनीचा माणूस आला होता म्हणे. काय विचारलं?"

मी सांगितलं. पोर्तोचंही सांगितलं.

तिचा चमचा वाडग्यात पडला. "पोर्तोचं सांगितलंस? डोळ्यांचं?"

"का? सांगायचं नव्हतं?"

तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं खुबा दुखतोय. "माझ्याकडे कधी येणार तो?"

"मला काय माहीत. यायला काय हरकत आहे? डोळे तुझे, दवाखाना तुझा. तुझं नाव असेलच की तिथे नोंदलेलं."

"हो," ती म्हणाली. "नाव असेल."

मग म्हणाली, "ओतिलिया, लायसन्सचं ठरलं नाही तर घर जाणारच का?"

"जाणारच."

तिने सूप सगळं संपवलं. वाडगा पुसून माझ्या हातात दिला. मला तर आता खात्रीच पटली. काही नसतं तर एवढी घाबरली कशाला असती?

२५ डिसेंबर

नातालीचा फोन. नातवंडं फोनवर गायली. कॉड मासा आणि बटाटे एका माणसापुरते शिजवता येत नाहीत, जास्तच होतात. पूर्वी जास्तीचं समोर जायचं.

१२ जानेवारी

वालदेमारकडे डुक्कर कापलं, मी आतडी धुवायला गेले होते. येताना पाहिलं, तपासनीसाची गाडी झुल्मिराच्या दारात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं दार दिसतं. भांडी घासून झाली तरी गाडी होती. तो बाहेर आला तेव्हा झुल्मिरा कुबड्यांवर दारापर्यंत आली. तो तिच्याशी हात न मिळवता गेला.

तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला.

२७ जानेवारी

कंपनीने माघार घेतली. तेल्माबाईंचा सकाळीच फोन. लायसन्स वैध होतं असं त्यांनी मान्य केलं, वसुली नाही. घर राहिलं.

मी विचारलं, "आणि पोर्तोचं काय निघालं?"

त्या म्हणाल्या, "ते सोडा आता, ओतिलियाबाई. तो खासगी विषय निघाला. त्यात काही राहिलं नाही."

"मला वाचून दाखवा."

"ऐकून काय करणार?"

"माझा नवरा होता. वाचा."

त्यांनी वाचलं. मी तसंच्या तसं लिहिते, कारण एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. झुल्मिराने सांगितलं: "डोळे दाखवायला गेलोच नव्हतो. डोळ्यांचं घरी सांगायला निमित्त होतं. आम्हाला एक दिवस एकत्र हवा होता. आमचं दोन वर्षं होतं. म्हणूनच मी कायम त्याच्या शेजारी बसायचे आणि म्हणूनच सारखी बोलायचे." तपासनीसाने विचारलं होतं, बाजारातल्या एकाने सांगितलंय की तुम्ही त्यांना 'आता डावीकडे, आता थांब' असं सांगायचात, ते का? तर म्हणाली, "प्रेमात पडलेली बाई काय काय बोलते, ते तुम्ही अजून ऐकलेलं दिसत नाही, साहेब."

"ओतिलियाबाई?" तेल्माबाई म्हणाल्या. "ऐकताय ना? तुमच्या शेजारणीशी फार कठोर होऊ नका."

मी फोन ठेवला.

२८ जानेवारी

घर राहिलं.

३ फेब्रुवारी

गावाला कळलं आहे. मी कोणाला सांगितलं नाही. तपासनीस वालदेमारच्या कॅफेत जेवला होता, तेवढं पुरे. पाववाल्याच्या गाडीपाशी झुल्मिरा आली तर बायका बाजूला झाल्या, जागा करून दिल्यासारखं, पण तसं नव्हतं. तिने पाव घेतला, कुबडी आणि पाव एका हातात धरता येईना, पाव खाली पडला. कोणी उचलला नाही. मीही नाही.

सहासष्ट वर्षांची बाई. या गावात तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं आजवर. चर्चमधली फुलं तीच लावायची. फादरनी आता ते काम वालदेमारच्या बायकोला दिलंय.

मला बरं वाटायला हवं होतं.

६ फेब्रुवारी

आर्मिंदोचे कपडे काढले. त्याच्या कोटाच्या बाह्यांना सगळीकडे ओरखडे, कोपरांना रंग, भिंतींना घासत चालल्यासारखे. एवढा नीटनेटका माणूस. माझं लक्ष कुठे होतं? त्याच्यावर रागवायचं ठरवून बसले होते, ते जमलं नाही. तिच्यावर जमतं.

१० फेब्रुवारी

शेवटचे कागद. तेल्माबाईंच्या कार्यालयात दोघींना बोलावलं होतं, मला वारस म्हणून, तिला जखमी म्हणून. वालदेमारची एकच गाडी. मी मागे बसले. झुल्मिरा पुढे बसली, पाय लांब करावा लागतो तिला. गावापासून मिरांडेलापर्यंत तिने एक शब्द काढला नाही. वालदेमारने रेडिओ लावला.

सह्या झाल्यावर तेल्माबाईंनी दार लावलं आणि दोघींकडे बघून, पण जास्त करून झुल्मिराकडे बघून म्हणाल्या, "एक नीट ऐका. नवीन काही पुढे आलं तर कंपनीला तीन वर्षांपर्यंत हे प्रकरण पुन्हा उघडता येतं. म्हणून तीन वर्षं कोणी कोणाशी याबद्दल बोलायचं नाही. घरातसुद्धा नाही. बोललेलं पसरतं."

"समजलं," झुल्मिरा म्हणाली.

मला हसू आलं. बोलायला आता राहिलंय काय? सगळं तर सांगून झालंय, सही करून.

१२ फेब्रुवारी

रविवार. संध्याकाळी दार वाजलं. झुल्मिरा. पायऱ्या चढून आली होती, कशी चढली कोण जाणे, कपाळावर घाम. मी तिला आत ये म्हटलं नाही.

"घर राहिलं ना?"

"राहिलं."

"मग झालं."

"काय झालं?" माझा आवाज चढला. "तू माझ्या चुलीपाशी बसून जेवायचीस. मी तुझ्या नवऱ्याला आंघोळ घातली तो गेला तेव्हा. आणि तू दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गाडीत..."

"ओरडू नकोस, लोक ऐकतील."

"आता ऐकायचं काय राहिलंय लोकांचं!"

ती कुबडीवर भार बदलत म्हणाली, "त्याने मला शपथ घातली होती. तो म्हणायचा, ओतिलियाला या घरातून काढलं तर ती वाळून जाईल. सारखा तुझंच बोलायचा."

"माझ्या दारात उभी राहून हे सांगतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "फोन घेतल्याची वाटते. बाकी कशाची नाही."

मला वाटलं तिला ढकलून द्यावं. हात दाराच्या कडीवर घट्ट धरून ठेवला.

"तीन वर्षं थांब, ओतिलिया. तीन वर्षांनी माझ्याकडे ये. एक दिवसही आधी नको. तेव्हा मी तुला सगळं सांगेन, मग तू मला हवं ते कर."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही."

"मग मरेपर्यंत सांगू नकोस," मी म्हटलं आणि दार लावलं.

ती लगेच गेली नाही. मग कुबड्यांचा आवाज आला, एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. दगड ओले आहेत, कालपासून पाऊस आहे. मी दाराला पाठ लावून ती तिच्या घरात पोचेपर्यंत ऐकत उभी राहिले. तिचं दार लागलं तेव्हा कुठे दारापासून हलले.

तीन वर्षांनी म्हणे. मी जाणार नाही.